ॲल्युमिनियमच्या भागांवरील जुना रंग कसा उतरवावा

जुन्या मोटारसायकलीचा रंग उतरवून तिला नवे रूप देण्याचे काम देशातील असंख्य लहानमोठ्या गॅरेजांतून चालते. १९५५ साली मद्रास येथे स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडियाची बुलेट किंवा मैसूरच्या कारखान्यातून बाहेर पडलेली जावा अजूनही अनेकांनी जतन करून ठेविली आहे. अशा गाडीची पेट्रोलची टाकी आणि मडगार्ड पोलादी पत्र्याची असतात. परंतु इंजिनाची क्रँककेस व तिच्यावरील झाकणे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची ओतीव असतात. पोलादावरील रंग कॉस्टिक सोड्याच्या ऊन द्रावणात सहज सुटतो आणि पोलादास काही अपाय होत नाही. त्याच पिंपात ॲल्युमिनियमचे झाकण बुडविले, तर मात्र रंगाबरोबर झाकणही विरघळू लागते. असे का व्हावे, हे समजून घेतले म्हणजे रंग काढण्याची योग्य रीत आपोआप ध्यानात येते.

ॲल्युमिनियमचे कवच

ॲल्युमिनियम हा वस्तुतः अत्यंत क्रियाशील धातू आहे. हवेशी संबंध येताच त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर तयार होतो. मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले, तर त्यांपैकी दोन-चार भागांइतकीच या थराची जाडी असते. पण तो इतका घट्ट व अखंड असतो की आतील धातू सुरक्षित राहतो. लोखंडाचा गंज सैल असतो व पापुद्रे होऊन सुटतो. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड तसा सुटत नाही. ॲल्युमिनियमचा टिकाऊपणा बव्हंशी या कवचावर अवलंबून असतो.

या कवचाचे एक वैगुण्य आहे. ते उभयधर्मी आहे, म्हणजे तीव्र अम्लात विरघळते आणि तीव्र अल्कलीतही विरघळते. कॉस्टिक सोडा ही तीव्र अल्कली होय. कवच गेले की आतील ॲल्युमिनियमची पाणी व कॉस्टिक यांच्याशी क्रिया सुरू होते आणि हायड्रोजन वायूचे बुडबुडे निघू लागतात. २७ ग्रॅम ॲल्युमिनियम संपूर्ण विरघळले, तर सामान्य दाबाखाली व ० अंश सेल्सिअस तापमानास सुमारे ३३ लिटर हायड्रोजन तयार होतो. या क्रियेत उष्णताही बाहेर पडते. उष्णतेने क्रियेचा वेग वाढतो व वेगामुळे आणखी उष्णता निर्माण होते. बंदिस्त खोलीत असा वायू साचला आणि जवळपास ठिणगी पडली, तर स्फोट होण्याचा संभव असतो. उसळलेले द्रावण डोळ्यांत गेल्यास दृष्टी जाऊ शकते.

बॉक्साइटपासून ॲल्युमिना वेगळा करण्यासाठी कारखान्यांत हाच कॉस्टिक सोडा वापरतात. ओडिशातील दामनजोडीसारख्या ठिकाणी ज्या गुणामुळे धातुनिर्मितीस साहाय्य होते, तोच गुण गॅरेजमध्ये तयार भागाच्या नाशास कारण होतो. क्रँककेसच्या मिश्रधातूत सिलिकॉन असतो. तो कॉस्टिकमध्ये तितक्या सहज विरघळत नाही. म्हणून द्रावणातून काढलेल्या भागावर काळपट साका दिसतो. सीलची व बेअरिंगची बैठक, स्क्रूचे आटे आणि झाकणाच्या जुळणाऱ्या कडा यांचे माप एकदा बिघडले की रंगाने ते भरून येत नाही.

घरातील वस्तू वापरतानाही सावधगिरी हवी. तुंबलेली मोरी मोकळी करण्याच्या पुडीत बहुधा कॉस्टिक असते. धुण्याच्या सोड्याचे द्रावणही ॲल्युमिनियमवर परिणाम करण्याइतके अल्कधर्मी असते. खाण्याचा सोडा त्या मानाने पुष्कळ सौम्य होय. नावात साम्य असले तरी हे दोन सोडे भिन्न आहेत.

धातूस निर्धोक, माणसास घातक

डायक्लोरोमिथेन असलेली रंग काढण्याची द्रव्ये ॲल्युमिनियमला न खाता थोड्या मिनिटांत रंग फुगवितात. तथापि जे धातूस निर्धोक ते माणसासही निर्धोक, असे समजणे चुकीचे ठरेल. डायक्लोरोमिथेन सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळते. विदर्भातील किंवा राजस्थानातील उन्हाळ्यात हवाच त्याहून अधिक तापते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत व खोलगट जागी साचते. श्वासातून शरीरात गेल्यावर त्याच्या काही भागाचे कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर होते आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते. हृदयविकार असलेल्यास हे विशेष धोक्याचे आहे. तोंडावर बांधलेला रुमाल किंवा धुळीसाठीचा साधा मुखवटा ही वाफ अडवू शकत नाही. अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती रंग काढण्यासाठी या द्रव्याची विक्री बंद केली, ती त्यामुळे घडलेल्या मृत्यूंची दखल घेऊनच.

त्याऐवजी बेंझिल अल्कोहोलवर आधारलेली द्रव्ये वापरता येतात. ती सावकाश काम करतात. कित्येकदा रात्रभर थांबावे लागते. डब्यावर ‘ॲल्युमिनियमसाठी योग्य’ असा स्पष्ट उल्लेख असल्याची खात्री करून घ्यावी. वायुवीजन, चष्मा व डब्यावर सांगितलेल्या प्रकारचे हातमोजे येथेही आवश्यकच आहेत.

घासून व माऱ्याने रंग काढणे

पोलादी तारेचा ब्रश ॲल्युमिनियमवर वापरू नये. त्याचे लोखंडी कण मऊ धातूत रुततात आणि ओलाव्यात तेथूनच ॲल्युमिनियम झिजू लागते. प्लॅस्टिकची पट्टी, नायलॉनचा ब्रश व शेवटी बारीक वॉटर पेपर पाण्यासह वापरावा. जुन्या रंगात शिसे किंवा क्रोमेट असण्याचा संभव असतो; ओले घासल्याने त्याची धूळ हवेत उडत नाही.

हवेच्या दाबाने वाळू मारण्याची रीत मात्र सर्वथा टाळावी. वाळूतील सिलिकेच्या सूक्ष्म धुळीने फुप्फुसांचा सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो. काचेचे मणी किंवा अक्रोडाच्या कवचांचा भुगा वापरता येतो. पण तेलाच्या वाटेत राहिलेला एखादा मणी पुढे बेअरिंगची नासाडी करतो. म्हणून सर्व भोके आधी बंद करावीत. खाण्याच्या सोड्याचा मारा या दृष्टीने सोयीचा, कारण उरलेला सोडा पाण्यात विरघळून निघून जातो. कोणताही मारा करताना श्वसनरक्षक साधन हवेच.

कामाचा क्रम

प्रथम भाग कोणत्या धातूचा आहे हे पाहावे. तो लोहचुंबकास चिकटला, तर तो पोलादाचा किंवा लोखंडाचा. वजनास हलका असून चुंबकास न चिकटणारा भाग ॲल्युमिनियमचा समजून चालावे. कार्ब्युरेटर अनेकदा जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. त्यालाही कॉस्टिक बाधते. नंतर सील, रबर व बेअरिंगे काढून तेल-ग्रीस धुऊन टाकावे. निवडलेले द्रव्य भागाच्या आतील, न दिसणाऱ्या बाजूस थेंबभर लावून पाहावे. बुडबुडे आले किंवा डाग काळवंडला, तर ते ताबडतोब भरपूर पाण्याने धुऊन दुसरी रीत योजावी. रंग निघाल्यावर भाग साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा आणि फार वेळ न दवडता ॲल्युमिनियमवर धरणारा प्रायमर द्यावा. खरवडलेला रंग व उरलेले द्रव्य गटारात न सोडता वेगळे बंद डब्यात ठेवावे. डोळ्यांत काही उडाल्यास निदान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी व त्वरित वैद्याकडे जावे.

रंग किती चिवट आहे, यावरून साधन निवडण्याची सवय सर्वत्र आढळते. वास्तविक निवड करावयाची ती रंगाखालील धातू पाहून. आणि त्याही आधी काम करणाऱ्याचे डोळे व फुप्फुसे यांचा विचार करून. झाकण बिघडले तर दुसरे मिळू शकते. डोळ्यांचे व फुप्फुसांचे तसे नाही.