भागीरथीच्या काठाने चालताना

१. ओढे सकाळीच ओलांडावेत. गंगोत्रीहून गोमुखाच्या वाटेवर पहाटे बुटाचा तळवा जेमतेम भिजवणारं पाणी दुपारी पोटरीशी येतं. ऊन चढलं की वर बर्फ वितळतं, त्याचं पाणी खाली पोचायला काही तास लागतात. चीडबासाच्या पुढच्या उतारावर तर भरल (डोंगरातल्या रानमेंढ्या) नुसते चरत असले तरी त्यांच्या खुरांनी दगड सुटतात. तिथं फोटोसाठी थांबू नये.

२. हिमनदी पांढरीशुभ्र दिसेल या अपेक्षेनं जाऊ नये. सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या गंगोत्री हिमनदीचं तोंड दगडमातीनं माखलेलं आहे. या मातीचा थर पातळ असेल तर बर्फ लवकर वितळतं, जाड असेल तर ते झाकलेलं राहतं. नदीचं पाणी बाटलीत भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी पिठासारखी राखाडी भुकटी बसलेली दिसेल. हिमनदीनं दळलेला डोंगर तो हाच.

३. हिमबिबट्या दिसला नाही म्हणून हळहळू नये. भरलांचे कळप धष्टपुष्ट असले, तर त्यांच्यावर जगणाऱ्याचीही सोय आहे.

४. भूर्जाची साल सोलू नका, पडलेली दिसली तरी पिशवीत टाकू नका. याच वाटेवरच्या भोजबासाला नाव देणारी ही झाडं सरपणासाठी तोडून तोडून विरळ झाली. गिर्यारोहक डॉ. हर्षवंती बिष्ट यांनी नव्वदच्या दशकात तिथं पुन्हा रोपं लावली, कुंपण घालून जगवली. इतक्या उंचीवर हाताएवढं रोप वाढायला किती वर्षं लागतात, हे जवळ उभं राहून पाहिलं की त्या कामापुढे मान झुकते. अशा नाजूक जागी गर्दी नको, म्हणून गोमुखाच्या वाटेवर रोज १५० जणांनाच परवाना मिळतो. तो मिळाला नाही तर कुरकुर करू नये.

५. नुसत्या मुख्य नदीकडे पाहू नये. ५ ऑगस्ट २०२५ रोजी गंगोत्रीच्या रस्त्यावरच्या धरालीचा बाजार काही क्षणांत गाडला गेला, तो भागीरथीनं नव्हे, वरून आलेल्या खीरगाड या ओढ्यानं. हॉटेलं उभी होती ती जमीन त्याच ओढ्यानं पूर्वी आणून टाकलेल्या गाळाची होती. म्हणून मुक्काम ठरवताना मी आता खोलीचं भाडं नंतर विचारतो. मागे कोणता नाला आहे, तो कुठून उतरतो, ते आधी बघतो. चारधामला निघालेल्या आपल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींनाही हेच सांगतो.

६. गोमुख ते उत्तरकाशी हा पट्टा २०१२ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. त्याआधी २०१० मध्ये लोहारीनाग पाला हा ६०० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प अर्ध्यावर थांबवला गेला. तेव्हा पैसा पाण्यात गेला म्हणणारे पुष्कळ होते. मला तो निर्णय योग्यच वाटतो. आता रस्ता रुंद करण्यासाठी हर्षिलच्या बाजूच्या देवदारांवर कुऱ्हाड येऊ घातली आहे. या झाडांची मुळं तीव्र उतारावरची माती धरून ठेवतात, त्यांची खोडं घसरत्या बर्फाचा जोर मोडतात. रस्ता थोडा अरुंद राहिला, गाडीला तासभर जास्त लागला, तरी चालेल. ते देवदार उभे राहिलेच पाहिजेत.