उलट्या उड्डाणाची भीती

प्रश्न: कंट्रोल लाइन विमान (दोऱ्यांनी नियंत्रित केले जाणारे मॉडेल विमान) सरळ उडवता येते, पण उलटे केले की मला भीती वाटते आणि ते आपटते. आत्मविश्वास कसा येईल?

उत्तर: आत्मविश्वास धाडसातून नव्हे, सावरण्याच्या सरावातून येतो. उलट्या विमानाला सवयीने ‘वर’चा इशारा दिला, की ते जमिनीकडे झेपावते; ‘खाली’च्या इशाऱ्याने वर चढते. भीतीच्या क्षणी विचाराला वेळ नसतो, म्हणून हे हाताला पाठ हवे. वारा विमानाला तुमच्यापासून दूर लोटतो त्या बाजूला सराव करा; दोऱ्या ताठ राहतात. आधी लूप (उभा गोल फेरा), मग क्षणभर उलटे उड्डाण, हळूहळू पूर्ण फेरी. जास्त उंची अधिक सुरक्षित नाही का? उंचीने वेळ मिळतो खरा, पण विमान डोक्यावर आले की दोऱ्यांचा ताण घटतो; म्हणून मध्यम उंची राखा. दोऱ्या सैल पडल्याच, तर तत्काळ मागे सरका.