मोटारसायकलीवर मोबाइल भारित करण्याची सोय

बेंगळुरू शहरात मोटारसायकल चालविणाऱ्या पुष्कळ लोकांचा उदरनिर्वाह आज हँडलवर बसविलेल्या मोबाइलवर अवलंबून आहे. घरोघरी जेवण पोहोचविणारी स्विगी २०१४ साली, तर दुचाकीवरून उतारू नेणारी रॅपिडो २०१५ साली याच शहरात सुरू झाली. अशा कामात नकाशा दिवसभर उघडा ठेवावा लागतो. उन्हात तो दिसावा म्हणून पडद्याचा उजेडही वाढवावा लागतो. परिणामी दिवस मावळण्यापूर्वीच मोबाइल निपचित पडतो आणि त्याबरोबर मिळकतही थांबते. म्हणून गाडीच्या विजेवरच तो भारित करण्याची सोय करून घेतात. खर्च थोडा असतो. मात्र तिच्यामागील हिशेब सहसा कोणी करीत नाही.

आजच्या बहुतेक मोटारसायकलींची बॅटरी १२ व्होल्टची असते. पूर्ण भरलेल्या व स्वस्थ असलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.७ व्होल्ट भरतो. इंजिन वेगाने फिरू लागले की जनित्र तो १४ व्होल्टांच्या आसपास नेते. मोबाइलला साधारणतः ५ व्होल्ट पुरतात. मग उरलेल्या दाबाचे काय करावयाचे? तो एखाद्या रोधात खर्च करता येईल. परंतु २ अँपिअर प्रवाह घेताना ७ व्होल्ट असे गमावले, तर १४ वॅट वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि मोबाइलच्या पदरी पडतात १० वॅट! म्हणून हल्लीच्या परिवर्तकात प्रवाहाची दर सेकंदास हजारो वेळा उघडझाप करतात, आणि तुटक झालेला हा प्रवाह तारेचे वेटोळे व धारित्र यांच्या साहाय्याने पुन्हा सलग करतात. यात नासाडी फार थोडी होते. कार्यक्षमता शेकडा ८५ धरल्यास मोबाइलच्या १० वॅटांसाठी बॅटरीकडून सुमारे १२ वॅट, म्हणजे जवळजवळ १ अँपिअर प्रवाह घ्यावा लागेल. झपाट्याने भारित होणाऱ्या मोबाइलांना १८ वॅट वा त्याहून अधिक लागतात. त्यांचा हिशेब त्या मानाने वाढतो.

मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातील जुन्या गाड्यांची गोष्ट निराळी. त्यांची विद्युत्-रचना ६ व्होल्टची असल्याने बाजारात मिळणारा १२ व्होल्टचा परिवर्तक त्यांवर भरवशाने चालत नाही.

१ अँपिअर हा प्रवाह दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु लहान मोटारसायकलीची बॅटरी बहुधा ३ ते ५ अँपिअर-तासांचीच असते. शिवाय १ एप्रिल २०१७ पासून भारतातील नव्या दुचाकींचा पुढील दिवा इंजिन चालू असेतो जळतच राहतो. तो ३५ वॅटचा असल्यास एकटाच सुमारे ३ अँपिअर घेतो. मोकळ्या रस्त्यावर जनित्र हा सारा भार सहज उचलते. सिल्क बोर्डाच्या चौकात गाड्या खोळंबतात तेव्हा मात्र इंजिन मंद फिरते आणि जनित्राची वीज कमी पडते. तूट बॅटरी भरून काढते. दररोज असेच घडत राहिले, तर एके सकाळी बटण दाबूनही इंजिन सुरू होत नाही. आपल्या गाडीत शिल्लक आहे की तूट, हे व्होल्टमापकाने कळते: दिवा व मोबाइल दोन्ही चालू ठेवून, इंजिन मंद फिरत असता बॅटरीचा दाब पाहावा. तो १३ व्होल्टांच्या वर टिकला तर चिंता नाही, १२.५ च्या खाली उतरत गेला, तर खोळंब्यात मोबाइलची जोडणी काढून ठेवणे बरे.

जोडणी कोठे करावी, हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. परिवर्तक थेट बॅटरीस जोडला, तर मोबाइल लावलेला नसतानाही तो, विशेषतः त्यावरील चिमुकला निळा दिवा, थोडा प्रवाह ओढतच राहतो. हा प्रवाह अँपिअरचा केवळ शंभरावा भाग असला तरी दिवसाकाठी ०.२४ अँपिअर-तास होतो, आणि ४ अँपिअर-तासांची बॅटरी आठवड्याभरात जवळजवळ अर्धी रिती होते. गावी जाऊन आलेल्या मालकाला गाडी ढकलावी लागते ती यामुळे. यास्तव जोडणी किल्ली फिरविल्यावरच प्रवाह मिळतो अशा तारेवर करावी. ती तार वाढीव भार सोसण्याजोगी नसेल, तर तिने केवळ रिले चालवावा व मुख्य प्रवाह बॅटरीतून वेगळा आणावा.

अशा वेगळ्या तारेत फ्यूज हवाच, आणि तोही बॅटरीच्या अगदी निकट. बॅटरी व फ्यूज यांच्यामधील तारेला कोणतेच संरक्षण नसते. हँडल वळताना घासून तारेचे वेष्टण गेले आणि ती चौकटीस टेकली, तर शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह क्षणात वाहू शकतो. तार लाल होते, आणि पेट्रोलची टाकी तेथून वीतभर अंतरावर असते. १० वॅटांच्या सोयीस ३ अँपिअरचा फ्यूज पुरे. तो वारंवार वितळू लागला म्हणून अधिक जाड फ्यूज घालणे हा उपाय नव्हे, दोष शोधावा. तार बांधण्यापूर्वी हँडल दोन्ही बाजूंस टोकापर्यंत वळवून ती ताणली जात नाही, हे पाहावे.

बेंगळुरूत मे महिन्यापासूनच पावसाच्या सरी येऊ लागतात. जोडणीच्या छिद्रात पाणी शिरून धातूचे टोक हिरवट पडले, तर स्पर्श कच्चा होऊन तेथेच उष्णता निर्माण होते. म्हणून छिद्राचे तोंड खालच्या अंगास ठेवावे, आणि वापर नसताना त्यावर रबरी टोपण लावावे.