कोंब उजेडाकडे का वळतो?

नवरात्रात आपण घट बसवतो. पत्रावळीवर काळी माती पसरतो आणि तिच्यात गहू, जोंधळा पेरतो. चार दिवसांत मोड वर येतात. देवघर अंधारं असेल तर ते मोड पिवळट असतात, आणि सगळे दाराकडे किंवा खिडकीकडे झुकलेले दिसतात.

घट हलवायचा नसतो. म्हणून दुसऱ्या एका खापरीत गहू पेरा. कोंब झुकले की खापरी फिरवून ठेवा. संध्याकाळपर्यंत ते पुन्हा उजेडाकडे वळतील. कोंबाला डोळे नाहीत. मग उजेड कुठून येतो हे त्याला कळतं कसं?

हाच प्रश्न इंग्लंडातल्या चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाला पडला. त्याने मुलाला मदतीला घेतलं. गवताच्या काही कोंबांच्या शेंड्यांवर त्यांनी पातळ पत्र्याच्या लहान टोप्या घातल्या. ते कोंब वाकले नाहीत! दुसरे कोंब त्यांनी काळ्या वाळूत पुरले, नुसते शेंडे उघडे ठेवले. ते मात्र वाकले. हे त्यांनी १८८० साली पुस्तकात छापलं. उजेड लागतो शेंड्याला आणि वाकतं खालचं अंग. म्हणजे शेंड्याकडून खाली काहीतरी जात असलं पाहिजे.

हॉलंडमधल्या वेंट नावाच्या शास्त्रज्ञाने ते 'काहीतरी' पकडलं. त्याने ओटच्या कोंबांचे शेंडे कापले आणि चायना ग्रासच्या वडीवर ठेवले. शेंड्यातला रस वडीत उतरला. मग त्या वडीचा तुकडा बिनशेंड्याच्या कोंबावर एका कडेला ठेवला, तोही अंधारात. ज्या कडेला वडी होती ती बाजू जास्त वाढली आणि कोंब दुसऱ्या बाजूला वाकला. हे त्याने १९२८ साली छापलं. त्या द्रव्याला ऑक्झिन म्हणतात.

ऑक्झिन शेंड्यात तयार होतं आणि खाली उतरतं. एका बाजूने उजेड आला की ते सावलीच्या बाजूला सरकतं. तिकडच्या पेशी लांब होतात. बैलजोडीतला डावा बैल भरभर चालला आणि उजवा रेंगाळला, तर गाडी उजवीकडे वळते ना? तसंच हे. उजेड कोंबाला ओढतो असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे सावलीची बाजूच त्याला ढकलते.

उजेडाने ऑक्झिन जळून जात असेल, अशीही शंका होती. १९५७ साली अमेरिकेत मक्याच्या शेंड्यात मधोमध पातळ काच घालून पाहिलं. काचेने शेंड्याचे पुरते दोन भाग केले, तर दोन्ही बाजूंना ऑक्झिन सारखंच मिळालं. वरती थोडी वाट ठेवली, तर सावलीकडे जास्त मिळालं. म्हणजे ते नष्ट होत नाही, जागा बदलतं.

आता आपल्या वाफ्याकडे या. मिरची-टोमॅटोचं बी टाकून आपण वर पेंढा घालतो. ओल टिकते, ते ठीक. पण मोड दिसल्यावर पेंढा काढायला दोन दिवस उशीर झाला तर? प्रत्येक बियात थोडीच शिदोरी असते. अंधारात कोंब ती सगळी उंच होण्यात घालवतो. देठ बारीक, लांब आणि पिवळा होतो. असं रोप लावणीत टिकत नाही, पहिल्याच वाऱ्याला लोळतं. महागाचं बी वाया जातं. भिंतीलगतच्या वाफ्यातही रोपं एकीकडे कलतात. म्हणून वाफा मोकळ्यावर घ्यावा, आणि निम्मे मोड दिसले की संध्याकाळी पेंढा उचलावा. भर दुपारी उचलू नये, कोवळे कोंब करपतात.

करून पाहा : एका डब्यात गहू पेरून अंधारात ठेवा. कोंब पेरभर झाले, पण पान फुटलं नाही, अशा वेळी निम्म्या कोंबांच्या शेंड्यांवर चॉकलेटच्या चांदीच्या टोप्या हलक्या हाताने घाला. डब्यावर खोकं पालथं घाला. खोक्याला एकाच बाजूला भोक ठेवा आणि ते भोक खिडकीकडे करा. दुसऱ्या दिवशी खोकं उचला. कोणते कोंब वाकले, कोणते सरळ राहिले, ते वहीत लिहा.