आर सॉफ्टवेअरमध्ये समीकरण कसं लिहायचं आणि हेल्प पेज कसं वाचायचं

व्हिडिओत स्क्रीनवर बरंच भरभर झालं, म्हणून समीकरणांचा भाग इथे सावकाश लिहून देतोय. ज्यांनी आधीचे व्हिडिओ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी. आर हे आकडेमोडीचं, स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकात ते बनवलं, आणि २००० साली त्याची १.०.० ही आवृत्ती आली. ते फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. छोट्या धंद्याला एवढं पुरे.

खालच्या ओळी मी समजायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत लिहिल्या आहेत. तुम्ही टाइप करताना नावं इंग्रजी अक्षरांत आणि आकडेही इंग्रजी घ्यायचे. आर कॅपिटल आणि स्मॉल अक्षर वेगळं मानतं, तेही लक्षात असू द्या.

आता मुद्दा. कागदावरचं समीकरण माणसासाठी लिहिलेलं असतं. त्यात गुणाकाराची खूण गाळलेली चालते, रेघेच्या खाली काय आणि वर काय हे डोळ्याला दिसतं. आरला डोळे नाहीत. त्याला सगळं एका ओळीत, एकेका खुणेनं सांगावं लागतं. आणि काही ठिकाणी तीच खूण वेगळ्या अर्थानं वापरली जाते. कुठे वेगळा अर्थ आहे हे फक्त त्याच्या हेल्प पेजवर लिहिलेलं असतं.

सोप्या समीकरणापासून सुरुवात करू. एका वेळी किती माल मागवायचा, याचं ईओक्यू नावाचं समीकरण फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली मांडलं. बीबीए, बीकॉम केलेल्यांना ते पाठ असेल: दोन गुणिले वर्षाची गरज गुणिले एका ऑर्डरचा खर्च, याला एक किलो माल वर्षभर सांभाळायच्या खर्चानं भागायचं आणि वर्गमूळ काढायचं.

समजा तुमचा फरसाणाचा धंदा आहे. वर्षाला २,४०० किलो चणाडाळ लागते. एका ऑर्डरला टेम्पो, हमाली धरून ३०० रुपये जातात. डाळ ८० रुपये किलो, आणि माल पडून राहिल्याचा खर्च (व्याज, जागा, कीड) वर्षाला किमतीच्या २० टक्के धरला. कागदावर रेघेच्या खाली ०.२० गुणिले ८०, म्हणजे १६ येतात. उत्तर ३०० किलो. वर्षात आठ ऑर्डरी.

आरमध्ये वर्गमूळाच्या फंक्शनचं नाव एसक्यूआरटी. बऱ्याच जणांनी अशी ओळ लिहिली:

एसक्यूआरटी(२ * २४०० * ३०० / ०.२० * ८०)

उत्तर आलं २४,०००. म्हणजे दहा वर्षांची डाळ एका टेम्पोत! गडबड अशी की आर डावीकडून उजवीकडे जातं. आधी ०.२० नं भागलं, मग ८० नं गुणलं. रेघेखालचं सगळं एकत्र आहे हे कंसानं सांगायला हवं: / (०.२० * ८०). कंस टाकला की ३००.

अशी चूक एका अर्थी बरी. आकडा इतका बावळट दिसतो की दुकानात बसणारा कुठलाही माणूस म्हणेल, काहीतरी चुकलंय. गुणाकाराची खूण विसरून २(२४००) लिहिलंत तर आर स्वतःच लाल अक्षरांत ओरडतं, ‘अटेम्प्ट टू अप्लाय नॉन-फंक्शन’. म्हणजे त्याला वाटलं २ हे एखादं फंक्शन आहे. ओरडलं की आपण थांबतो. न ओरडता जे होतं ते महागात पडतं.

एक्सेलवरून येणाऱ्यांनी दोन गोष्टी वहीत लिहून ठेवा. एक्सेलमध्ये बरोबर चिन्हानंतर -२^२ लिहिलं तर ४ येतात, आरमध्ये तेच उणे ४. एक्सेल उणे चिन्ह आधी लावतं, आर वर्ग आधी करतं. कोणती खूण आधी आणि कोणती नंतर, याची पूर्ण यादी ‘सिंटॅक्स’ या हेल्प पेजवर आहे (पहिलं अक्षर कॅपिटल). दुसरं म्हणजे लॉग. एक्सेलमध्ये लॉग १०० म्हणजे २, आरमध्ये लॉग १०० म्हणजे ४.६०५, कारण आरचा लॉग नॅचरल असतो. दोन्हीपैकी कुणीच चूक नाही, पण एका फाइलमधून दुसरीकडे समीकरण जसंच्या तसं उचललं की घोळ ठरलेला.

न ओरडणारी चूक

आता या धड्याचा खरा भाग. आपल्या बॅचमधल्या एक ताई पुरणपोळी विकतात. त्यांना पाकिटावर कायमचा भाव छापून घ्यायचा होता, आणि पाकिटं एकदम हजारांत छापावी लागतात. त्याआधी त्यांनी शहाणपणा केला: वेगवेगळ्या भावांना विकून पाहिलं आणि रोजचं लिहून ठेवलं. शिकवण्यासाठी मी आकडे गोल आणि सरळ करून घेतलेत. एका पोळीचा खर्च १९ रुपये.

२५ रुपये भाव: ८५ पोळ्या, नफा ५१०
३० रुपये: ७० पोळ्या, नफा ७७०
३५ रुपये: ५५ पोळ्या, नफा ८८०
४० रुपये: ४० पोळ्या, नफा ८४०
४५ रुपये: २५ पोळ्या, नफा ६५०

नुसतं बघून कळतं की नफा आधी चढतो, मग उतरतो. चढून उतरणारी रेषा म्हणजे वर्गाचं समीकरण: नफा = अ + ब × भाव + क × भावाचा वर्ग. हे अ, ब, क आरनं शोधून द्यायचे. त्यासाठी एलएम हे फंक्शन आहे. त्यात समीकरण लिहिताना बरोबर चिन्हाच्या जागी ~ ही नागमोडी खूण येते, आणि अ, ब, क लिहायचेच नसतात. म्हणून साहजिकच ताईंनी लिहिलं:

नफा ~ भाव + भाव^२

आरनं लगेच उत्तर दिलं, एकही सूचना नाही, काही लाल नाही. उत्तर होतं ४८५ आणि ७. म्हणजे नफा = ४८५ + ७ × भाव. याचा अर्थ भाव एक रुपया वाढवला की रोजचा नफा ७ रुपयांनी वाढतो. मग ५० रुपये छापा ना! या समीकरणात ५० घातले तर नफा ८३५ दिसतो.

आता गिऱ्हाईक काय करेल ते बघू. वरच्या आकड्यांत भाव ५ रुपये वाढला की १५ पोळ्या कमी खपतात. ४५ ला २५, तर ५० ला १०. एका पोळीमागे ३१ रुपये सुटले तरी नफा ३१०. कागदावर ८३५, गल्ल्यात ३१०. आणि भाव पाकिटावर छापलेला.

कुठे बिघडलं? उत्तरात तीन आकडे यायला हवे होते, आले दोनच. हीच एक खूण होती. ~ च्या उजवीकडे + चा अर्थ बेरीज नाही, ‘हाही घटक धर’ असा आहे. * चा अर्थ गुणाकार नाही, ‘दोन्ही घटक आणि त्यांचा एकमेकांवरचा परिणाम धर’ असा आहे. वजा म्हणजे ‘हा घटक काढून टाक’. आणि ^२ म्हणजे वर्ग नव्हे, घटकांच्या जोड्या लावणे. एकट्या भावाची स्वतःशी जोडी लावून काय मिळणार? भावच. म्हणून भाव^२ म्हणजे पुन्हा भाव, आणि तो आधीच धरलेला आहे, सबब गाळला. आरच्या दृष्टीनं यात चूक काहीच नव्हती.

उपाय एका अक्षराचा आहे. इंग्रजी कॅपिटल आय आणि कंस:

नफा ~ भाव + आय(भाव^२)

आयच्या कंसातलं गणित शाळेतल्या अर्थानं होतं. आता उत्तर आलं: उणे ३०४०, २१७ आणि उणे ३. नफा सगळ्यात जास्त कुठे, हे काढायला २१७ ला ६ नं भागा: ३६.१७. ३६ रुपयांना ५२ पोळ्या, नफा ८८४. (इथेही कंस सांभाळा: २१७ / (२ * ३). कंस नसला तर ३२५.५ रुपयांची पुरणपोळी होईल.)

याच आकड्यांवर समरी मागितलीत तर आर म्हणेल की आकडे संशयास्पद वाटावेत इतके तंतोतंत जुळतायत. बरोबरच आहे, मी ते तसे बनवलेत. तुमच्या वहीतले आकडे असे कधीच जुळणार नाहीत. पावसाचा दिवस, चतुर्थी, शेजारच्या दुकानाची सुट्टी, सगळं त्यात येणार. आणि २५ ते ४५ च्या बाहेर तुम्ही विकलंच नसेल, तर तिथलं समीकरण काय म्हणतं याला फार किंमत देऊ नका.

हेल्प पेज

हे ‘आय’चं प्रकरण काही गुप्त नाही. प्रश्नचिन्ह टाइप करून पुढे फॉर्म्युला लिहिलं आणि एंटर दाबलं की पान उघडतं, त्यात प्रत्येक खुणेचा अर्थ स्पष्ट दिलाय. पण ते पान कुणी उघडत नाही, कारण ते रुक्ष असतं आणि इंग्रजीत असतं. माझं मत, पूर्ण पान वाचायची गरजही नाही. वरचं डिस्क्रिप्शन सोडून द्या. यूसेजची ओळ बघा, तिथे आपण काही सांगितलं नाही तर आर काय धरून चालतं ते दिसतं. मग आर्ग्युमेंट्स, म्हणजे कोणत्या जागी काय द्यायचं. मग डिटेल्स. गफलती टाळणारी वाक्यं बहुतेक वेळा इथेच असतात. तळाशी एक्झाम्पल्स असतात, ती कॉपी करून चालवून बघा.

एक उदाहरण घ्या. रोज किती विक्री होईल याचे नमुने काढायला आरएनॉर्म हे फंक्शन वापरतात. पुस्तकात नॉर्मल वितरण लिहिताना कंसात सरासरी आणि व्हेरिअन्स देतात. हेल्प पेजची यूसेज ओळ मात्र एसडी मागते, म्हणजे व्हेरिअन्सचं वर्गमूळ. सरासरी ५५ पोळ्या, व्हेरिअन्स १०० असेल तर द्यायचे १०. पुस्तक बघून १०० दिलेत तर एखाद्या दिवशी उणे ६० पोळ्या विकल्या जातील. तसंच एसडी फंक्शनचं: सात दिवसांचे आकडे दिले तर ते सातानं नाही, सहानं भागतं. हे त्याच्या डिटेल्समध्ये एका छोट्या वाक्यात आहे.

त्या पानांवरची समीकरणं कधी छापील पुस्तकासारखी दिसतात, कधी ‘सिग्मा^२’ अशी साधी अक्षरं दिसतात, म्हणून घाबरू नका. पान लिहिणाऱ्याला प्रत्येक समीकरणाची दोन रूपं देता येतात, एक छपाईसाठी आणि एक साध्या स्क्रीनसाठी. ४.२.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरही नीट मांडलेलं समीकरण दिसतं.

तुमचं समीकरण बँकेच्या फाइलीत

कर्जाच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये समीकरण टाकायचं असेल तर आर मार्कडाउन वापरा. दोन डॉलर चिन्हांच्या मध्ये लेटेकच्या पद्धतीनं लिहिलं की अपूर्णांक, वर्गमूळ सगळं छापल्यासारखं येतं. आलेखावर समीकरण लिहायचं तर प्रश्नचिन्ह आणि प्लॉटमॅथ. तिथे पुन्हा खुणांचे अर्थ बदलतात: एक बरोबर चिन्ह दिसायला दोन लिहावी लागतात, आणि * लिहिलं की गुणाकाराची खूण दिसतच नाही, दोन अक्षरं नुसती शेजारी येतात.

पण लक्षात घ्या, हे छापलेलं समीकरण फक्त दिसण्यापुरतं असतं, त्यावर आर गणित करत नाही. हिशोबाची ओळ वेगळी आणि दाखवायची ओळ वेगळी. एक बदललीत आणि दुसरी तशीच राहिली तर मॅनेजर साहेब नेमकं तेच विचारतील. म्हणून मी दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवायला सांगतो, आणि त्याखाली प्रत्येक अक्षर म्हणजे काय आणि कशात मोजलंय ते: भाव रुपयांत, नफा रोजचा, खर्च एका पोळीचा.

घरी करायचं काम: तुमच्या एका वस्तूचे निदान पाच भाव आणि त्या त्या भावाला झालेला रोजचा नफा लिहून काढा. आधी आयशिवाय चालवा, मग आयसकट, आणि दोन्ही वेळा किती आकडे आले ते मोजा. जो भाव निघेल त्याला तीन आठवडे विका, पाकीट छापायला टाकू नका. तो निकाल सहावी ओळ म्हणून घाला आणि पुन्हा चालवा.