जुन्या एमजीबीची बॅटरी बदलताना

प्रश्न : आमची १९६५ची एमजीबी पावसाळाभर शहापूरच्या घरी उभी असते. दरवर्षी बॅटरी बसते. आता नवी टाकताना काय पाहावे?
– एक वाचक, शहापूर

उत्तर : तुमच्या गाडीत सीटमागच्या झाकणाखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. बदलायच्या तर दोन्ही एकदम बदला. एक जुनी ठेवलीत तर ती नवीलाही मारते. १९६७पर्यंतच्या एमजीबी ‘पॉझिटिव्ह अर्थ’ होत्या, म्हणजे बॅटरीची अधिक बाजू बॉडीला जोडलेली. पण मधल्या काळात कोणी वायरिंग उलटवलेही असेल. म्हणून बॉडीला बोल्ट केलेली केबल कोणत्या टर्मिनलवर येते, ते आधी पाहून लिहून ठेवा. मेकॅनिकने सवयीने ऋण बाजू बॉडीला जोडली, तर नंतर बसवलेला रेडिओ जळू शकतो.

काढताना अर्थची केबल आधी सोडा, बसवताना ती शेवटी जोडा. टर्मिनलवरची पांढरी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडे करून व्हॅसलीन लावा. गाडी उभी करताना अर्थ सोडून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. पूर्ण चार्ज झालेली जोडी मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. जुन्या बॅटऱ्यांत शिसे आणि आम्ल असते, त्या दुकानदारालाच परत द्या.