वाळवलीस का?

चि. बाळास,


नसरापूरच्या बाजारात तुमच्या आळीतले भेटले. म्हणाले, भाच्यानं पिशव्या शिवायला निळी कातडी आणलीत आणि पत्र्यावर वाळत टाकलीत. रात्रभर डोळा लागला नाही. खरं सांग, वाळवलीस का?

अरे, ते वेट ब्लू. क्रोमनं कमावलेलं म्हणून निळसर, पण काम अर्ध्यावर सोडलेलं. निम्मं वजन पाण्याचंच. तसंच वाळलं की फळी होते, मग भिजवूनही पूर्वीसारखं होत नाही. ओलं ठेवून विसरलास तर बुरशी. २०२५च्या बजेटात वेट ब्लूवरचं आयातशुल्क काढलं, ते वाचून हुरळला असशील. तुला हवं होतं क्रस्ट: पुन्हा कमावलेलं, तेल पाजून वाळवलेलं. ते महिनोन्महिने टिकतं, वरची झिलई तेवढी बाकी. एवढा शिकलास, मामाला एक फोन नाही करता आला?

कातडी कमावणाऱ्या आपल्या आबांकडे हे शब्द नव्हते. चुना, बाभळीची साल आणि हिरडा. हिरडस मावळात हिरड्याला काय तोटा! कातड्याचीच पिशवी शिवून टांगायची, आत साल-हिरड्याचं पाणी भरायचं, झिरपेल तसं पुन्हा ओतायचं. मोटेचं कातडं असं व्हायचं. एका वर्षी चुन्यातली कातडी माझ्यावर सोपवून ते गावाला गेले आणि मी जत्रेला पळालो. परतलो तोवर कातडं चुन्यानं खाल्लेलं, लिबलिबीत. आबा एक शब्द बोलले नाहीत. त्याच्याच वहाणा करून मला दिल्या. पहिल्या पावसात फाटल्या. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं. म्हणून तुला ओरडतोय.

ओली असतील तर आजच प्लास्टिकात घट्ट गुंडाळ, सावलीत ठेव. टॅनरीवाला गाठू, क्रस्ट करून घेऊ. पैसे जातील थोडे, ते मी बघतो. पण वाळवली नाहीस ना?

वाळवली असशील तरी सांग. तू शिवून दिलेलं पाकीट रोज खिशात असतं. टाके बारीक आहेत तुझे, आबांसारखे. तोंडावर कधी बोललो नाही.

मंगळवारी येतो, वेल्ह्याहून पहिल्या एस्टीनं. मामीनं आंबेमोहोर बांधून ठेवलाय. ताईला म्हणावं, भाजी काहीही चालेल.

तुझा
मामा